पॅरिश विरले, टाउनलँड उरले

उत्तर आयर्लंडमधल्या टिरोन काउंटीत कॅरिकमोर नावाचे एक खेडे आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीचे क्षेत्रफळ ०.६२५ एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर २५ गुंठे. एवढ्याशा जागेला सरकारी नकाशात ‘ओल्ड चर्च यार्ड’ असे नाव आहे आणि तिची नोंद एक स्वतंत्र, पुरे टाउनलँड म्हणून आहे. टाउनलँड हा आयर्लंडच्या ग्रामीण भूमीचा सर्वांत लहान नामधारी विभाग. त्यात ‘टाउन’ हा शब्द असला तरी शहराशी त्याचा काही संबंध नाही. चार घरे, थोडी शेते, एखादा ओढा, थोडी दलदल आणि या सगळ्याला मिळून एक नाव, असे त्याचे सर्वसाधारण रूप. पण दूर पश्चिमेला मेयो काउंटीत शेस्किन हेही टाउनलँडच आहे आणि त्याचे क्षेत्र ७,०१२ एकर आहे, म्हणजे ओल्ड चर्च यार्डच्या अकरा हजार पटींहून अधिक. सरासरी काढली तर एक टाउनलँड सुमारे सव्वातीनशे एकरांचे भरते. मात्र ज्या मापाची दोन टोके इतकी लांब आहेत, त्याची सरासरी फारसे काही सांगत नाही. साऱ्या बेटावर अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. त्यांना एकत्र बांधणारी वरची पायरी म्हणजे सिव्हिल पॅरिश. अशी पॅरिशे सुमारे अडीच हजार. ओल्ड चर्च यार्ड ज्या पॅरिशात येते त्याचे नाव टर्मनमग्वर्क.

या दोन पायऱ्यांच्या इतिहासात एक कोडे आहे. पॅरिशाच्या पाठीशी चर्च होते, कायदा होता, कर वसूल करण्याचा हक्क होता, दप्तर होते. टाउनलँडच्या पाठीशी यांतले काहीच नव्हते. त्याला अधिकारी नव्हता, कचेरी नव्हती, निवडून आलेले मंडळ नव्हते. तरीही राज्यकारभारातून पॅरिश गेले आणि टाउनलँड टिकले. बळकट ते मोडले आणि अनाथ ते उरले, हे कसे? माझ्या मते टाउनलँड टिकले याचे कारण ते कोणत्याही सत्तेचे स्वतःचे नव्हते, हेच आहे. जी सत्ता आली तिला जमीन मोजायची होती, आणि जमीन मोजायची तर तिथे राहणाऱ्यांना शीव विचारावी लागत होती. उत्तर दर वेळी टाउनलँडच्या भाषेत आले. सत्ता बदलली की तिच्या चौकटी बदलत. पण चौकट कशाने भरायची हे ठरवणारे शेजारीपाजारी तेच राहत.

टर्मनमग्वर्क हे नावच आधी उलगडून पाहावे. ‘टर्मन’ म्हणजे चर्चला लावून दिलेली संरक्षित जमीन. सीमा या अर्थाच्या लॅटिन ‘टर्मिनस’वरून हा शब्द आयरिशमध्ये आला. त्या हद्दीत शिरलेल्याला अभय मिळत असे. ‘मग्वर्क’ हे ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घराण्याचे नाव. अशा घराण्याच्या प्रमुखाला एरेनाख किंवा कोअर्ब म्हणत. ते पुरोहित असतच असे नाही. चर्चची डागडुजी करणे, वाटसरूंना जेवू घालणे, बिशपला ठरलेला खंड देणे ही त्यांची कामे, आणि त्या बदल्यात जमिनीची वहिवाट. देवस्थानाच्या इनाम जमिनी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. परंपरेने या स्थानाची स्थापना सहाव्या शतकातल्या संत कोलंबाकडे जाते. कॅरिकमोरच्या परिसरात स्त्रियांसाठी राखलेली एक वेगळी दफनभूमीही आहे. जिवंत स्त्रीने आणि मेलेल्या पुरुषाने तिथे पाऊल ठेवू नये, अशी तिची रूढी सांगतात. जमिनीचा तुकडा कशासाठी आहे आणि कुणासाठी आहे हे इतक्या बारकाईने लक्षात ठेवणारा समाज २५ गुंठ्यांना वेगळे नाव देतो, यात मग नवल उरत नाही.

आयर्लंडमध्ये पॅरिशांची घडी बसली ती मुख्यतः बाराव्या शतकापासून पुढे. ११११ मधली राथब्रासिलची आणि ११५२ मधली केल्सची धर्मसभा यांनी बिशपांच्या हद्दी आखल्या. त्यानंतर अँग्लो-नॉर्मन आले आणि त्या हद्दींच्या पोटात दशमांश गोळा करणारी पॅरिशे उभी राहिली. पण पॅरिश ज्या मातीवर बसवले ती माती आधीच वाटलेली होती. अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतात मोठा विभाग बॅलीबेटा. अन्न पुरवणारा, पाहुणचाराची जबाबदारी असलेला, अशा अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आले. त्याच्या पोटात पुढे अनेक लहान भाग असत. टिरोनमध्ये त्या लहान भागाला बॅलीबो म्हणत; ‘बो’ म्हणजे गाय. शेजारच्या मोनाहन आणि फर्मानामध्ये त्यालाच टेट म्हणत आणि कॅव्हनमध्ये पोल. कॅव्हनमध्ये तर पोलच्या खाली गॅलन आणि पॉटल होते. द्रवाची मापे तिथे जमिनीला लागली होती. ही मापे लांबी-रुंदीची नव्हेत, पोटाची आहेत. इतकी गुरे चरतील, इतके धान्य येईल, इतक्या घरांचे भागेल, असा त्यांचा हिशेब. म्हणून कसदार जमिनीतला बॅलीबो लहान आणि माळरानावरचा मोठा. शेस्किन ७,००० एकरांचे का, याचे उत्तर इथेच मिळते. तिथे दलदल आहे, आणि दलदलीच्या शंभर एकरांत जे पिकते ते चांगल्या मातीच्या दोन-चार एकरांत पिकते. आकाराच्या वेडेवाकडेपणामागे अशी एक सरळ समता होती.

ही समता न समजलेल्या, किंवा समजूनही सोयीने डोळ्याआड केलेल्या सत्तेने पहिला मोठा हिशेब केला तो सतराव्या शतकाच्या आरंभी. १६०७ मध्ये अल्स्टरचे सरदार देश सोडून गेले. त्यांच्या जमिनी इंग्लंडच्या राजाने जप्त केल्या आणि इंग्रज व स्कॉटिश वसाहतकऱ्यांना वाटायचे ठरवले. वाटपाचे आकडे कागदावर गोल होते: १,०००, १,५००, २,००० एकर. पण प्रत्यक्ष मोजणीला वेळही नव्हता आणि माणसेही नव्हती. तेव्हा १६०९ मध्ये जोसायस बॉडलीच्या देखरेखीखाली जे बॅरनीवार, म्हणजे काउंटीच्या पोटविभागांनुसार, नकाशे निघाले, त्यांत बॅलीबोंची नावे ओळीने मांडली गेली आणि एक बॅलीबो म्हणजे साधारण ६० एकर लागवडीची जमीन, असे धरून चालले. परिणाम असा की कागदावर १,००० एकर मिळालेल्या माणसाच्या हाती डोंगर आणि दलदल धरून कितीतरी जास्त जमीन पडली. याच वर्षी चर्चच्या जमिनींचीही चौकशी झाली. जप्त केलेल्या काउंटींमध्ये पंच बसवले गेले आणि टर्मन कुठले, एरेनाख कोण, बिशपला काय मिळते, हे त्यांच्याकडून वदवून घेतले गेले. त्या जबान्यांवरून टर्मन जमिनी प्रॉटेस्टंट बिशपांकडे गेल्या. ज्यांच्या तोंडून नावे आली त्यांच्याच हातून जमीन गेली, ही या दप्तरातली सर्वांत वेदनेची गोष्ट आहे. पण त्या दप्तरात नावे आहेत. विजेत्याला नवा विभाग पाडता आला नाही. जुन्या विभागांवरचा मालक तेवढा त्याने बदलला.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आज आपण ज्याला टाउनलँड म्हणतो ते इतके जुने आहेच कुठे? ती तर एकोणिसाव्या शतकातल्या मोजणी खात्याची निर्मिती, असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या हाती पुरावाही आहे. १८२४ मध्ये लंडनच्या संसदेतल्या स्प्रिंग राइस समितीने आयर्लंडच्या संपूर्ण मोजणीची शिफारस केली. कारण सरळ होते. काउंटीचा स्थानिक कर टाउनलँडवर बसे आणि आकारणी जुनाट, विषम होती. कुठे दहा एकरांना जो कर, तोच कुठे शंभर एकरांना. थॉमस कोल्बीच्या हाताखाली ऑर्डनन्स सर्व्हे हे मोजणी खाते कामाला लागले. रिचर्ड ग्रिफिथकडे शिवा ठरवण्याचे वेगळे खाते आले. १८४६ पर्यंत साऱ्या देशाचे मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे झाले. या कामात काही लहान विभाग एकमेकांत मिसळले, काही मोठे तुटले. कुठे बॅलीबो, कुठे क्वार्टर, कुठे टेट अशा वेगवेगळ्या पातळ्यांच्या गोष्टींना सरसकट ‘टाउनलँड’ हे एकच नाव मिळाले. किती तरी पोटनावे नकाशाबाहेर राहिली. हे सगळे खरे आहे. टाउनलँडला कागदावर पक्की, कायदेशीर, कायमची रेघ मिळाली ती तेव्हाच.

पण रेघ पक्की करणे आणि शीव निर्माण करणे यांत फरक आहे, आणि तो फरक ग्रिफिथच्या खात्याच्या कामाच्या पद्धतीतच दिसतो. त्याचे मोजणीदार शेतात गेले ते एकटे गेले नाहीत. प्रत्येक ठिकाणी शीव दाखवणारे स्थानिक माहीतगार नेमले जात. त्यांना मेअर्समन म्हणत. हा ओढा आमचा, त्या काटेरी कुंपणापलीकडे त्यांचे, दलदलीतली हद्द त्या धोंड्यापासून या धोंड्यापर्यंत, असे ते चालत चालत दाखवत आणि मोजणीदार उतरवून घेत. कोल्बीच्या पथकाने लॉख फॉइलच्या काठी १८२७-२८ मध्ये जवळजवळ आठ मैलांची पायारेषा मोजली. उष्णतेने धातू वाढतो त्याची भरपाई आपोआप करणाऱ्या जोडसळया त्यांनी त्यासाठी वापरल्या. ही अचूकता त्या काळी अपूर्व होती. हिंदुस्थानच्या मोजणीचे काम पाहणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने आयर्लंडमध्ये जाऊन ती पाहिली आणि त्याच पद्धतीच्या सळया तो १८३० मध्ये हिंदुस्थानात घेऊन आला. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरजवळची पायारेषा १८४१ मध्ये अशाच सळयांनी मोजली गेली. इंचाच्या अंशापर्यंत पोहोचणारे हे शास्त्र होते. तरीही टर्मनमग्वर्कमधले क्रेगन कुठे संपते हे त्या सळयांना सांगता आले नाही. ते क्रेगनच्या माणसालाच विचारावे लागले. मोजणी खात्याने टाउनलँड घडवले, हे विधान म्हणूनच मला अर्धे वाटते. खात्याने उच्चारलेले लिहिले. लिहिताना ते सारखे केले, काही गाळले, काही ओढूनताणून एका साच्यात बसवले. पण बोलणारा दुसरा होता.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ब्रायन फ्रीलचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक १९८० मध्ये डेरीत रंगभूमीवर आले, तेव्हापासून ऑर्डनन्स सर्व्हे म्हटले की आयरिश नावांची मोडतोड करणारे सैनिक अनेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. नाटकाची भाषेविषयीची वेदना खरी आहे. इतिहास म्हणून मात्र तपशील तपासावा लागतो. जे. एच. अँड्र्यूज या भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्येच या मोजणीचा सविस्तर इतिहास लिहिला होता. त्यातून दिसते की नावांचे इंग्रजी वळण बहुतांशी मोजणीच्या कितीतरी आधी, पट्टे, खंडपावत्या आणि सतराव्या शतकातली दप्तरे यांच्यातून पडलेले होते. सर्व्हेमध्ये १८३० पासून जॉन ओडोनोव्हन हा आयरिश भाषेचा मोठा जाणकार होता. प्रत्येक टाउनलँडच्या नावाची जुनी लेखने गोळा करायची, गावातल्या आयरिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांकडून उच्चार ऐकायचा आणि मग त्या उच्चाराला सर्वांत जवळ जाणारे इंग्रजी लिपीतले एक रूप ठरवायचे, अशी त्याची रीत. बहुतेक ठिकाणी त्याने भाषांतर केले नाही. म्हणून ड्रमनाकिली वाचताना आजही ‘रानाची धार’ ऐकू येते, लॉखमॅक्रोरीत ‘मॅक्रोरीचे तळे’ दिसते, कॅरिकमोरमध्ये ‘मोठा खडक’ उभा असतो. लिपीचा आणि उच्चाराचा तोटा झालाच, तो लपवायचे कारण नाही; एका भाषेचे स्वर दुसरीच्या अक्षरांत कोंबले की ते जखमी होतातच. आणि ज्या उदाहरणापासून मी सुरुवात केली ते ओल्ड चर्च यार्ड तर सरळ इंग्रजीच आहे. पण साठ हजारांच्या यादीत इंग्रजी नावे थोडी आहेत आणि आयरिश नावांचा महासागर आहे. ज्या प्रदेशांत आयरिश बोलणारा शेवटचा माणूस जाऊन पिढ्या लोटल्या, तिथेही लोक रोज टाउनलँडचे नाव घेताना नकळत आयरिश बोलतात. याला पुसून टाकणे म्हणणे मला जड जाते.

आता पॅरिशाकडे वळू. त्याचे आयुष्य पाहिले की टाउनलँडचे टिकणे जास्त स्पष्ट होते. धर्मसुधारणेनंतर जुन्या पॅरिशांच्या चौकटी राज्यमान्य प्रॉटेस्टंट चर्चकडे गेल्या. बहुसंख्य लोक कॅथलिक राहिले, अल्स्टरमध्ये पुष्कळसे प्रेस्बिटेरियन होते, आणि दशमांश मात्र सगळ्यांनी त्या एका चर्चला द्यायचा. १८२३ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या दशमांशाच्या वह्या पॅरिशवार आहेत आणि प्रत्येक वहीच्या आत टाउनलँडवार. १८३० च्या दशकात या कराविरुद्ध उठाव झाला, रक्त सांडले, आणि १८३८ मध्ये कर शेतकऱ्याच्या थेट खिशातून काढून जमीनदाराच्या खंडात मिसळला गेला. त्याच वर्षी गरिबांच्या मदतीचा कायदा आला. त्यासाठी जे नवे संघ आखले त्यांनी पॅरिशाची पर्वा केली नाही. बाजाराच्या गावाभोवती टाउनलँड गोळा करून ते बांधले गेले. १८६९ च्या कायद्याने प्रॉटेस्टंट चर्चचा राज्याशी असलेला संबंध तुटला. १८९८ मध्ये काउंटी कौन्सिले आणि जिल्हे आले आणि सिव्हिल पॅरिशाला करायला काहीच उरले नाही. एकेक खांब काढला तसे छप्पर खाली आले. या प्रत्येक टप्प्यावर नवी चौकट बांधायला जे दगड वापरले गेले ते मात्र टाउनलँडचे होते. १८४७ ते १८६४ या काळात छापलेले ग्रिफिथचे जमीन मूल्यांकन, निवडणुकीचे विभाग, १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची पत्रके, जमिनीच्या हक्कांच्या नोंदी, सगळ्यांच्या मुळाशी तेच.

यावर कुणी म्हणेल की आयर्लंडात पॅरिश मेले हे म्हणणेच चूक आहे. रविवारची प्रार्थना, शाळा, १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे खेळाचे क्लब, सगळे पॅरिशाभोवतीच फिरते. कॅरिकमोरचे कॅथलिक पॅरिश तर आजही टर्मनमग्वर्कचे नाव चालवते. हे अगदी खरे. पण ते पॅरिश वेगळे आहे. कॅथलिकांवरची कायदेशीर बंदी शिथिल झाल्यावर त्यांच्या चर्चने आपल्या लोकांच्या वस्तीप्रमाणे नवी पॅरिशे बांधली. जुन्या सिव्हिल पॅरिशाच्या हद्दींशी ती कुठे जुळतात, कुठे दोन-तीन पॅरिशे गिळतात, कुठे एकाचे तुकडे करतात. नाव आले, हद्द आलीच असे नाही. उलट त्या नव्या पॅरिशाची हद्दही शेवटी कशी सांगतात? अमुक टाउनलँड आपल्यात, तमुक पलीकडच्यांत.

कागद जळाले तेव्हा ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने पुढे आली. ३० जून १९२२ रोजी यादवीच्या लढाईत डब्लिनमधले सरकारी दप्तर भस्मसात झाले. प्रॉटेस्टंट पॅरिशांची शेकडो रजिस्टरे आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनांची बहुतेक मूळ पत्रके त्या आगीत गेली. पॅरिशाच्या आठवणी कागदात होत्या, त्यामुळे कागदाबरोबर त्यांतल्या पुष्कळ गेल्या. टाउनलँडची आठवण माणसांतही होती, आणि समुद्रापारच्या माणसांत होती. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वर्तमानपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. दुष्काळात देशोधडीला लागलेले, अनेकदा लिहितावाचता न येणारे लोक, आपला भाऊ किंवा बहीण कोण हे सांगताना काउंटी, पॅरिश आणि टाउनलँड सांगत. इथे पॅरिशही आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्याचा कारभार विरत चालला होता ते पॅरिश पत्ता म्हणून बराच काळ जगले. पण एकाच नावाची दहा माणसे असलेल्या पॅरिशात नेमका भाऊ ओळखायचा तर शेवटचा शब्द टाउनलँडचाच लागे.

विसाव्या शतकात टपालखात्याने त्या शेवटच्या शब्दालाच हात घातला. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये प्रत्येक ग्रामीण रस्त्याला नाव, प्रत्येक घराला क्रमांक आणि शेवटी पोस्टकोड अशी नवी रीत आली, आणि पत्त्यातून टाउनलँड वगळायचे ठरले. रस्ता लांब असतो, तो पाच-सहा टाउनलँडमधून जातो. आता एकाच रस्त्यावरची ही सगळी घरे एका ओळीत बसली. टपाल वाटणाऱ्याला ते सोपे होते, यात वाद नाही. अडचणीच्या वेळी रुग्णवाहिकेलाही ते सोपे आहे. पण शेजार रस्त्याच्या ओळीने घडत नाही, शीव धरून घडतो. विरोध उठला आणि तो चिवट ठरला. फर्माना काउंटीत टाउनलँडचे नाव पत्त्यात राखले गेले. या मोहिमेत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, दोन्ही बाजूंचे लोक होते, आणि त्या दशकांतल्या अल्स्टरमध्ये असे विषय फार नव्हते. २००१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने सरकारी पत्रव्यवहारात टाउनलँडची नावे वापरावीत असा ठराव केला. सीमेपलीकडच्या प्रजासत्ताकात २०१५ मध्ये एरकोड आला तेव्हा वेगळी वाट निवडली गेली. तिथे ग्रामीण भागात एकाच टाउनलँडमधल्या सगळ्या घरांचा पत्ता सारखाच असे आणि पोस्टमन माणसाच्या नावावरून घर ओळखी. प्रत्येक घराला अक्षरे आणि अंक मिळून सात चिन्हांचा स्वतंत्र संकेत मिळाला, पण पत्त्यातले टाउनलँड जागेवर राहिले. यंत्राला जे हवे ते यंत्राला दिले आणि माणसाचे माणसाकडे ठेवले. टिरोनमध्येही हे जमले असते असे मला वाटते.

नकाशावर आजही टर्मनमग्वर्कच्या शिवा आहेत. ड्रमनाकिली, क्रेगन, लॉखमॅक्रोरी आपापल्या ओढ्यांपर्यंत पसरलेली आहेत, आणि त्यांच्यामध्ये, जिथे कधीच कुणाची गाय मोजली गेली नाही अशा २५ गुंठ्यांभोवती, तितकीच ठळक रेघ आहे.